वीस अंशांचा कोन

धार लावायचे अकरा दगड आहेत माझ्याकडे,
त्यातले नऊ अजून ओलेसुद्धा झालेले नाहीत.
जपानी, बेल्जियन,
एक तर पार्सलच्या कागदातच, बाळंतिणीसारखा गुंडाळलेला.

पोलादातल्या कार्बनविषयी मी रात्री तीन वाजता बोलू शकतो.
बोलतोही. लियोनोर झोपलेली असते.

चार वर्षं झाली ठरवून:
सायकलला चाक जोडायचं,
मातोझिन्युशच्या गल्ल्यांतून हिंडायचं,
सुऱ्या, कात्र्या, जे बोथट असेल ते.
धारवाल्याची शिट्टी वाजली की पाऊस येतो म्हणतात इकडे.
मी त्या शिट्टीचा अभ्यास केला.
मग पावसाचा.

चौदा कोर्स. सहा प्रमाणपत्रं.
एक वही दरांची,
एक वही, त्या वहीत काय लिहायचं त्याची.
धंद्याचं नाव ठरवायला अडीच महिने,
नावाची अक्षरं नीट यावीत म्हणून सुलेखनाचा वर्ग,
तिथून शाई, शाईवरून ऑक्टोपस.
ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे मला पाठ आहे
आणि वीजबिलाची तारीख
नाही.

सदतिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी याला नाव दिलं.
एडीएचडी.
घरी आलो आणि त्याच्यावरची सात पुस्तकं मागवली.
दोन वाचली. दोन्ही मधूनच.

आळशी म्हणतात लोक. आळस असता तर बरं होतं,
आळशाला निदान झोप लागते.
इथे प्रत्येक नवी गोष्ट म्हणजे काडी ओढणं:
भस्सकन उजेड, गंधकाचा वास,
बोटाला चटका, की पुढची काडी.
पेटी संपते.
चूल थंडच.

शनिवारी दूध आणायला उतरलो होतो.
बाजाराच्या कोपऱ्यावर
दोना एर्मेलिंडा एका पेश्काडाशी झगडत होती,
सुरी कापत नव्हती, नुसती चेंगरत होती.
“तेल्मू, तू धारवाला ना? चार वर्षं ऐकतेय.”
आणि मूठ माझ्याकडे.

मी म्हणालो, हे पातं नरम आहे, आधी कोन मोजायला हवा,
वीस अंश, वरून दगड घेऊन येतो, हजारचा, मग तीन हजारचा...
“वर गेलास की तू उतरत नाहीस,” ती म्हणाली.
उरलेली कॉफी तिने गटारात ओतली
आणि कप पालथा घातला माझ्यापुढे.

कपाच्या बुडाला एक खरबरीत कडं असतं,
झिलई न पोचलेलं.
हे मला माहीत होतं. आठव्या कोर्समध्ये होतं ते,
पालथ्या घड्यावर ओतलेल्या
चौदापैकी आठव्या.

टेकवली सुरी.
वीस असेल कोन, चोवीस असेल.
खस्स.
खस्स.
मध्येच कपाची भट्टी आली डोक्यात,
किती तापत असेल, बाराशे अंश, तेराशे?
एक सीगल सार्डिन पळवून गेला.
भट्टी आली, सीगल आला,
आणि पातं अजून हातातच होतं.
खस्स.

किती वेळ, माहीत नाही.
तिने सुरी ओढून घेतली, माशाच्या मानेवर ठेवली,
दाबलीसुद्धा नाही.
डोकं इकडे, धड तिकडे.

“टोकाला बोथट राहिलीय,” ती म्हणाली,
आणि दीड युरो दिले, ओले,
त्यातल्या एकावर खवला चिकटलेला.

एक ना धड, असा माझा जन्म.
ही सुरीही धड नव्हती झाली.
पण एक
झाली होती.

शेजारच्या गाळ्यावरून कुणी तरी ओरडलं,
“ए, माझ्या दोन आहेत!”
मी उद्या म्हणणार होतो.
तोंड उघडलंही होतं तेवढ्यासाठी.
कप अजून पालथाच होता,
बूड गरम होतं.
मी खोका ओढून बसलो.

दूध राहिलंच.